म्हसोबाच्या मागं

“ती पिशवी आधी वर घे! वर घे म्हणतोय न्हवं मी!”

बायनाआजी एवढ्या जोरात ओरडली की सीटखालच्या पाटीतली कोंबडी पण गप्प झाली.

“नाही घेणार,” मी म्हणलो.

“पायात असलं काय घिऊन बसतंय का कोण? माझ्या लुगड्याला लागलं म्हंजे? आज अवस हाय. म्हसोबाला नारळ घिऊन निघालोय मी.”

“मग पाय वर घेऊन बसा.”

“बघ गं अक्काताई, बघ तुझ्या पोराचं तोंड! मुडद्याला मोठं-बारकं कळंना.”

अक्काताई म्हणजे माझी आई. ती माझ्या शेजारीच अंग चोरून बसली होती. हळूच म्हणली, “घे की रं मांडीवर. म्हातारं माणूस हाय.”

“आई, वर घेतली की काय होतं ते तुला सांगायला पाहिजे काय?”

आई गप्प झाली. पण बायनाआजी कुठली गप्प बसतेय? तिनं काठीचं टोक पिशवीच्या बंदात घातलं आणि उचलायला लागली. मी काठी धरली. ती ओढतेय, मी ओढतोय. समोरची माणसं हसायला लागली. माझं डोकं सटकलं. आता काठीच बाहेर फेकतो म्हणलो, तेवढ्यात जीपला असा ब्रेक लागला की आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावर.

“हात लावू नका त्या पिशवीला!” पुढनं गुंडूनाना गरजले. “खालीच ऱ्हाऊ दे ती. कंबरंच्या वर न्यायची नसती. वर न्हेली की सगळं उलटं आत जातंय.”

जीपमध्ये एकदम शांतता. एक तर नाना कधी बोलत नाहीत. वीस वर्षं आमच्या गावातनं तालुक्याला पॅसेंजर भरून वडाप मारतायत, पण त्यांच्या तोंडात दोनच वाक्यं. ‘आत सरका’ आणि ‘उतरा’. आणि दुसरं म्हणजे, हे नानांना कसं काय ठाऊक? मला हे दवाखान्यातल्या वहिदा सिस्टरनं सांगितलं होतं. आईला मी सांगितलं होतं. बाकी गावात कुणालाच माहीत नव्हतं.

मी आरशात बघितलं. नानांनी नजर चुकवली आणि गिअर टाकला.

मला त्या वेळी सतरावं चालू होतं. शाळा नववीतच सुटली होती. सुटली म्हणजे काय, गणिताच्या सरांनी मला डस्टर फेकून मारला, मी तो झेलला आणि परत फेकला. माझा नेम चांगला होता. दुसऱ्या दिवसापासनं मी गॅरेजला. नाव माझं धैर्यशील, पण गाव धैऱ्या म्हणतं, आणि माझा राग बघून म्हणतं की बारशाला आत्या झोपेत होती.

एप्रिलमध्ये खोताच्या विहिरीत मुटका मारला. पाणी तळाला गेलंय हे सगळ्यांना दिसत होतं. मला पण दिसत होतं. पण पक्या म्हणला, “फाटली काय?” मग काय, उडी. खाली दगड. कंबरेतला मणका फुटला. ऑपरेशन झालं, पाठीत दोन सळ्या आणि सहा स्क्रू बसले. पाय हळूहळू आले. डावं पाऊल जरा घासतं एवढंच. पण लघवीची नस काही जागी झाली नाही. आतला फुगा गच्च भरला तरी मला कळायचं नाही, आणि कळलं तरी सुटायचं नाही. म्हणून आत नळी, आणि नळीला पिशवी. कुठं जायचं झालं की ती पिशवी आई एका कापडी पिशवीत घालायची. बस्त्याच्या दुकानातली होती ती. तिच्यावर लाल अक्षरात ‘शुभमंगल सावधान’ छापलेलं. पोरं विचारायची, “काय धैऱ्या, ठरलं काय लगीन?”

घरी आणल्या आणल्या आईनं ती लघवीची पिशवी देवळीशेजारच्या खिळ्याला टांगली. सलाईन वर टांगतात, मग ही पण वरच टांगायची असणार, असं तिला वाटलं. बघायला आलेल्या चार बायकांना पण तसंच वाटलं. एकीनं तर खाली पाट ठेवला. दोन दिवसांत मला हुडहुडी भरून ताप. मग सिस्टरनं सांगितलं की पिशवी कायम कंबरेच्या खाली.

तरी चार महिन्यांत तीनदा ताप आला. डॉक्टर म्हणले, नळी आत कायमची ठेवली की जंतू येणारच, आणि असंच चाललं तर किडनीला लागेल. त्यावर उपाय होता. कायमची नळी काढायची, आणि दर चार तासांनी बारीक नळी आपल्या हातानं घालायची, फुगा रिकामा करायचा, नळी काढून टाकायची. मग पिशवी नको, काही नको. “हजारो लोक करतात,” वहिदा सिस्टर म्हणल्या. “दात घासल्यासारखं होऊन जातं.”

त्यांनी ट्रे पुढं केला. त्यात हिरव्या टोकाची नळी, जेली, साबण. मी म्हणलो, “मी माझ्या हातानं? मी काय पाइपलाइन हाय काय?” आणि ट्रे भिरकावला. नेम चांगला असल्यामुळं तो सरळ कचऱ्याच्या डब्यात गेला.

तेव्हा डॉक्टरांनी शेवटचं सांगितलं, पुढच्या तारखेला ठरवून ये. शिकणार असशील तर शिकवतो. नाहीतर पोटाला बारकं भोक पाडून तिथनं कायमची नळी टाकू. गॅरेजच्या मालकानं पण सांगितलेलं, “पिशवी सुटली की ये बाबा. मशीनच्या पट्ट्यात अडकली तर मला निस्तरायला नको.”

ती तारीख आज होती. आणि मी मनात ठरवून टाकलं होतं. भोक तर भोक. पिशवी जन्माची गळ्यात पडली तर पडू दे. निदान माझ्या हातानं मला काही करावं लागणार नाही.

दहाला पाच मिनिटं कमी असताना जीप कोल्ह्याच्या माळावर थांबली. सात वर्षं रोज थांबते. कुणी विचारत नाही का म्हणून, कारण तिथं म्हसोबा आहे. रस्त्याकडेला शेंदूर फासलेला एक दगड, वर चार पत्रे, एक घंटा. मागं घाणेरीची गच्च झुडपं. नाना त्या म्हसोबाचे भगत. सकाळी दहाला आणि दुपारी दोनला, दोन्ही फेऱ्यांना ते इथं थांबणार म्हणजे थांबणार. लग्नाचं वऱ्हाड असू दे, बाळंतीण असू दे. एकदा आमदाराच्या माणसांनी जीप ठरवली होती, त्यांना पण नानांनी दहा मिनिटं उन्हात उभं केलेलं.

नाना खाली उतरले. सीटखालनं त्यांनी पाण्याचा कॅन काढला, साबण काढला आणि हात धुतले. बोटांच्या मधनं, नखांच्या खालनं, पार मनगटापर्यंत.

“केवढं सोवळं,” समोरचा माणूस हळूच म्हणला. “आमचा गुरव बी एवढं हात धूत न्हाई.”

मग नानांनी एक कापडी चंची काढून काखेत मारली, दगडाला नमस्कार केला, कॅन उचलला आणि झुडपांच्या मागं गेले. तिकडं दुसऱ्या कुणी जायचं नाही. बघायचं पण नाही. नानांचा कसला तरी नवस आहे आणि कुणी मागं गेलं तर म्हसोबा कोपतो, असं सगळं गाव मानतं. बायनाआजीनं तर एकदा पक्याला तिकडं जाताना काठीनं बडवला होता.

मी बघत होतो. जीपमध्ये बसून चार महिने मी हेच बघत होतो, पण डोक्यात कधी काही आलं नव्हतं. आज ते हात धुणं बघितलं आणि कुठंतरी खटकलं. बोटांच्या मधनं, नखांच्या खालनं. असं हात धुणारं एकच माणूस मला माहीत होतं. वहिदा सिस्टर.

“मी पिशवी रिकामी करून येतो,” मी आईला म्हणलो.

खरं सांगायचं तर पिशवी अर्धीच भरली होती.

“धैऱ्या! तिकडं कुठं? तिकडं न्हाई जायचं! ए, माघारी फिर!” बायनाआजी नारळ टाकून माझ्यामागं निघाली. पण तिचे गुडघे आणि माझं पाऊल, त्यात माझं पाऊल जिंकलं.

झुडपांच्या मागं दहा-बारा पावलांवर एक खड्डा होता, त्याच्या तिन्ही बाजूंनी घाणेरी. नाना माझ्याकडं पाठ करून उभे होते. काम झालं होतं त्यांचं. पायजम्याची नाडी बांधून ते कॅनमधलं पाणी एका नळीत वरनं सोडत होते. नळी झटकली आणि दुसऱ्या टोकानं पाणी ठिबकलं. ते टोक हिरवं होतं.

“मागं यायचं नसतंय,” नाना न वळताच म्हणले. पावलाच्या घासण्यावरनं त्यांनी मला ओळखलं असणार.

“चौदा नंबर काय?” मी विचारलं.

त्यांचा हात थांबला. ते हळूच वळले. “तुला काय ठाऊक?”

“हिरवं टोक म्हणजे चौदा नंबर. मला पण तीच दिलती. मी कचऱ्यात टाकली.”

आम्ही एकमेकांकडं बघत उभे राहिलो. नानांच्या हातात नळी, माझ्या हातात शुभमंगल सावधान. आणि मला हसू फुटलं. चार महिन्यांत हसलो नव्हतो तेवढं सगळं एकदम बाहेर आलं. खाली बसायची पाळी आली.

“हळू!” नाना घाबरून म्हणले. “हळू हस की भाड्या!”

“नाना, सात वर्षं... सात वर्षं लोक इथं नारळ फोडतायत!”

“देवाची जागा ती तिकडं. ही हितं. मधी धा पावलं हायत. मी कधी देवाचा आब ढळू दिला न्हाई.”

“पण तो देव आला कुठनं?”

“मला काय इचारतोस? मी नुस्ता थांबायचो. एक दिवस बायनाबाईनं इचारलं, नाना, रोज हितं काय हाय? मी म्हणलो, हाय माझं जरा. तिनं हात जोडलं. दुसऱ्या दिवशी बघतोय तर दगडाला शेंदूर. आठवड्यानं घंटा. वर्सानं पत्रं. आता मी काय सांगू लोकास्नी?”

मला परत हसू आलं. पण मग एकदम राग पण आला. मला राग असाच येतो, मधनंच.

“तुम्हाला सगळं माहीत होतं,” मी म्हणलो. “चार महिने मी तुमच्याच जीपमधनं जातोय. तीनदा तापानं फणफणत गेलो. मागं वळून एकदा तरी सांगायचं होतं.”

नानांनी नळी पुसली, स्टीलच्या डबीत घातली आणि डबी चंचीत.  मग म्हणले, “लाज वाटली रं.”

एवढा मोठा माणूस. पांढऱ्या मिशा. घाटात समोरनं ट्रक आला तरी ज्याचा हात हलत नाही, तो माझ्यासमोर मान खाली घालून उभा.

“माझी बी मणक्याचीच भानगड. गादी सरकली, नस दबली. सा म्हैनं पिशवी हुती मला. बाहीर पडायचो न्हाई. जीप इकायला काढलेली. मिरजंत एका डॉक्टरनं शिकिवलं. सा, धा, दोन, सा, धा. पाच टायमाला. त्याच्यावर फेऱ्या बसिवल्या. गावाला वाटतंय जीपचं टायमिंग लई पक्कं. टायमिंग जीपचं न्हवं, ह्या टाकीचं हाय.” त्यांनी बेंबीखाली हात ठेवला. “घरच्या माणसाबिगर कुणाला ठाऊक न्हाई. तुला रोज आरशात बघायचो. आज सांगू, उद्या सांगू म्हणत ऱ्हायलो. मगाशी बायनाबाईनं पिशवीला काठी घातली तवा मात्र ऱ्हावलं न्हाई.”

“मला नाही जमणार ते,” मी म्हणलो. “मी भोक पाडून घेणार आहे.”

“का?”

“हातानं नळी घालायची म्हणजे... अडकली तर? रक्त आलं तर?”

 नानांनी एकदम गॅरेजातल्यासारखं विचारलं, “ट्रॅक्टरच्या टाकीतनं डिझेल काढतोस न्हवं?”

“काढतो की.”

“कशानं?”

“नळीनं.”

“नळी मधीच अडली तर काय करतोस? जोर लावतोस?”

“येडा हाय काय मी? जोर लावला तर नळी दुमडते. थांबायचं. जरा फिरवायची. परत हळू सोडायची. जाते आपोआप.”

“टोक घाण असलं तर?”

“टाकीत कचरा जातो. मालक बोंबलतो. पुसूनच घालायची.”

“मग?” नाना म्हणले. “तुला शिकवायचं ऱ्हायलंय काय? तुला सगळं येतंय. फकस्त तिथं टाकी ट्रॅक्टरची, हितं तुझी. अडलं की जोर करायचा न्हाई. श्वास सोडायचा, थांबायचं. आत एक दार असतंय. ते घाबरलं की मिटतंय. तू गप ऱ्हायलास की उघडतंय.”

“मला थांबायला जमत नाही,” मी म्हणलो. हे मात्र खरं होतं.

“ते मला बी जमत न्हवतं. म्हणून तर एवढा मोठा देव बसला हितं.”

तेवढ्यात पलीकडनं आरडाओरडा ऐकू आला. माझं हसणं रस्त्यापर्यंत गेलं होतं.

“अंगात आलंय पोराच्या!” बायनाआजीचा आवाज. “कुणी म्होरं जाऊ नका! लांब ऱ्हावा! म्हसोबा खेळालाय! ए बाबा, तू कुठं निघालास? हो मागं! काठी बघितलीस का?”

“सोडा मला, माझं पोरगं हाय ते!” ही आई. 

नानांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माझ्याकडं बघितलं.  त्यांची सात वर्षं आता माझ्या जिभेवर होती, आणि माझी जीभ कशी आहे ते सगळ्या गावाला माहीत होतं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. उद्यापासनं पक्या आणि कंपनी मला सोडून नानांच्या मागं लागली असती.

मी झुडपातनं बाहेर आलो. आई एका पायात चप्पल घालून धावत आली आणि माझं तोंड चाचपायला लागली. बाकी सगळे दहा हात लांब, बायनाआजीच्या काठीच्या पलीकडं.

“काय झालं रं? काय दिसलं?” समोरच्या सीटवरच्या माणसानं विचारलं.

“म्हसोबा बोलला,” मी म्हणलो.

“काय बोलला?”

“म्हणला, पिशवी सोड.”

माणसांनी पटापट हात जोडले. 

“आणि काय म्हणला देव?” बायनाआजीनं डोळे बारीक करून विचारलं.

“म्हणला, म्हातारीला सांग, पोरांच्या पिशवीत काठी घालू नको.”

नाना मागनं येत होते. त्यांना जोराचा खोकला आला. मग त्यांनी हात धुतले, गाडीत बसले आणि म्हणले, “आत सरका.”

दवाखान्यात वहिदा सिस्टरनं ट्रे माझ्यापासनं दोन हात लांब ठेवला. “आज फेकायचा असेल तर आधी सांग. मी बाजूला होते.”

“द्या इकडं.”

“आँ?”

“शिकवा म्हणलो. हात कुठं धुवायचे?”

सिस्टरनी आधी डॉक्टरांकडं बघितलं, मग आईकडं. आईनं आकाशाकडं हात केला. 

जुनी नळी काढली. दोन तास पाणी पाजलं. सिस्टरनी रबराच्या मॉडेलवर तीनदा करून दाखवलं, मग माझ्याकडनं तीनदा करून घेतलं. मग मी पडद्याच्या आत एकटा आणि त्या बाहेर खुर्ची टाकून. “हात धुतले? जेली लावली? आता सावकाश. मी इथंच आहे.”

निम्म्यावर गेली आणि अडली.

कपाळाला घाम आला. असा राग आला ना, त्या नळीचा, त्या दगडाचा, पक्याचा, गणिताच्या सरांचा. वाटलं द्यावा एक जोर. होऊ दे काय व्हायचं ते. हात पुढं गेलाच होता. आणि मग मला मालकाचा ट्रॅक्टर दिसला. येडा हाय काय मी? थांबलो. श्वास सोडला. पडद्यावर निळी फुलं होती, ती मोजली. अकरा. परत श्वास सोडला.

आणि दार उघडलं.

खालच्या भांड्यात आवाज आला. बारीक धारेचा, पत्र्यावर पडल्यासारखा. चार महिने मी तो आवाज ऐकला नव्हता. पिशवीत आवाज होत नाही ना. मी तसाच बसून ऐकत राहिलो.

आईनं पण ऐकला. ती पडद्याबाहेरच होती. आणि ती एवढ्या जोरात ओरडली की खालच्या मजल्यावरच्या औषधाच्या रांगेनं पण ऐकलं.

“मुतलं गं माझं पोरगं!”

सगळा वॉर्ड हसला. एका म्हाताऱ्यानं तर टाळ्या वाजवल्या. मी पडद्याच्या आतनं ओरडलो, “आई, गप की!” पण मी पण हसत होतो.

नाना जीप घेऊन दवाखान्याच्या गेटसमोर थांबले होते. माघारीची फेरी सोडून, पॅसेंजरच्या शिव्या खात.  मी शुभमंगल सावधानची घडी केली आणि त्यांना दाखवून खिशात घातली. नानांनी सरळ समोर बघितलं आणि दोनदा हॉर्न वाजवला. रस्त्यात कुणीच नव्हतं.

माळावर जीप थांबली. माझी वेळ अजून झाली नव्हती, पण मी नानांबरोबर उतरलो आणि त्यांच्या हातावर पाणी घातलं. नंतर आठवड्यानं नवीन दोन पत्रे आले. धैऱ्याची पिशवी म्हसोबानं सोडवली, ही बातमी आठ गावं फिरली होती.

याला आता दोन वर्षं झाली. गॅरेज मी परत धरलं, मग लायसन काढलं. नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासनं दुपारची फेरी माझ्याकडं आहे. सीटखाली कॅन, साबण आणि माझी डबी. टायमिंग एकदम पक्कं.

हे सगळं आज लिहायला बसलो ते बायनाआजीमुळं. तिला गेल्या महिन्यात अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, चालणं थोडं आलं, पण लघवी तुंबली. नळी बसवून घरी पाठवली. आज तिला वहिदा सिस्टरकडं न्यायचंय. मगाशी आम्ही तिला उचलून पुढच्या सीटवर बसवली, माझ्या शेजारी. मांडीवर पिशवी, पिशवीवर पदर.

“ही कुठं ठिवायची रं, धैऱ्या?” तिनं एवढ्या बारीक आवाजात विचारलं की मला ओळखूच आला नाही.

“खाली, आजी. पायापाशी. कंबरेच्या खाली.”

“कुणाच्या लुगड्याला लागंल की.”

“लागू दे.”

तिनं पिशवी खाली सोडली. मी हुकला अडकवून दिली. मग ती म्हणली, “त्या म्हसोबाला म्हणावं, म्हातारीची बी सोडीव.”

मी म्हणलो, “सिस्टर शिकवतील. बायकांचं अजून सोपं असतं म्हणतात.” म्हणलो आणि जीभ चावली, म्हसोबाचं बिंग फुटलं.

आजी हसली. तोंड एका बाजूला गेलंय, तरी हसली. “लपवालास काय मुडद्या? मला ठाऊक हाय सगळं. पयल्या म्हैन्यापासनं ठाऊक हाय. माझ्या नवऱ्याला बी असंच तुंबायचं. नाना त्या माळावर थांबायचा, तवा ही हुंब पोरं मागनं जायची, दगडं मारायची, दात काढायची. मानी माणूस. जीप इकून घरात बसला असता. म्हणून दगड दावला आणि शेंदूर फासला. कुणी फिरकलं का मागं परत? तू सोडून?”

 “म्हणजे अंगात आलंय म्हणून ओरडत होतीस...”

“मग काय करू? सगळी जीप मागं निघालती तुमच्या.”

“आणि दर अवसेला नारळ?”

“त्यो खराच. शेंदूर लावला की देव येतोयच रं. मी लबाडीनं लावला म्हणून काय यायचा थांबतोय त्यो?”

पॅसेंजर भरेपर्यंत मी उतरून डेअरीच्या कट्ट्यावर येऊन बसलो, आणि हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानांवर हे लिहायला लागलो. नानांना सांगू की नको, अजून ठरत नाही. सांगितलं तर लाजून मरतील. नाही सांगितलं तर म्हातारीनं एवढं केलं ते त्यांना कधीच... हॉर्न वाजतोय. एका हातानं स्टिअरिंगवरचा हॉर्न दाबून धरलाय तिनं. अख्खं गाव गोळा करेल. दोन वाजायला आलेत आणि मला माळ गाठायचाय. जातो.